तीन अक्षरांची रिकामी जागा

"वो तो ठीक है, पर काम क्या करते हो?" सुरतेतल्या उधन्याच्या डॉक्टरांनी मला दुसऱ्यांदा विचारलं.

लिहिण्याचं काम करतो, असं माझं एकदा सांगून झालं होतं. छातीखाली जळजळ, मान आखडलेली, सकाळी उठल्यावर उजव्या हाताची दोन बोटं बधिर, हे सगळं त्यांनी कागदावर नीट उतरवून घेतलं आणि लिहिण्याच्या कामापाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं. त्यांच्याकडे दिवसभर कापडाच्या लूमवरचे कारागीर येत. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाच्या पिंडऱ्या सुजलेल्या, कुणाचं बोट पट्ट्यात आलेलं. त्यांना दुखणं शोभत होतं. गादीवर बसून लिहिणाऱ्याच्या पोटात जळजळतं म्हणजे त्याने तिखट भजी हाणली असणार. त्यांनी गुलाबी औषधाची बाटली लिहून दिली आणि निघताना म्हणाले, "टेन्शन मत लो."

टेन्शन मत लो! जसं काही मी ते पिशवी घेऊन बाजारातून आणायला जात होतो.

हे आठवायचं कारण असं की परवा एका कार्यक्रमात एका तरुणाने मला विचारलं, लेखक म्हणून तुम्ही कामाचा ताण कसा हाताळता? मी गोडगोड बोललो. पहाटे फिरावं, गाणी ऐकावीत, नाही म्हणायला शिकावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत माझ्याच उत्तराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खरं उत्तर वेगळं आहे. मी कामाचा ताण आयुष्यात एकदाच फार हुशारीने हाताळला. तेव्हा आम्ही सुरतेत होतो, नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, आणि त्या हुशारीचे चटके माझ्या बहिणीला बसले.

आम्ही बमरोलीत राहत होतो. खानदेशातून आलेल्या लोकांची चाळ, दोन खोल्या, मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं, म्हणजे कारखाना. भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर दिवसभर थरथरत असे. वडील एका खात्यात कारागीर होते, आणि मी, घरातला पहिला बी.ए. झालेला, रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका शेठकडे लेखक म्हणून नोकरीला होतो. हो, लेखक म्हणूनच. शेठचा सगळा माल जळगाव, धुळे, नंदुरबार, शहाद्याच्या दुकानांत जायचा. तिथल्या दुकानदारांना मराठीतून पत्रं लिहायची, कॅटलॉगमध्ये प्रत्येक साडीखाली दोन ओळी लिहायच्या, आणि मुख्य म्हणजे साड्यांना नावं द्यायची. प्रत्येक नवी डिझाइन निघाली की तिला एक नाव लागे. त्या नावाचं लेबल छापून डब्यावर चिकटवलं जाई आणि गावोगावच्या बाया त्या नावाने साडी मागत.

पहिले सहा महिने मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोला. पण सुरतेत डिझाइन थांबत नाहीत. सकाळी पाच, दुपारी आठ, लग्नसराईत तर दिवसाला वीस. मी एक नाव दिलं की शेठ मान न वळवता म्हणायचे, "आगे." मी जरा विचार करायला लागलो की म्हणायचे, "अरे भाई, नाम ही तो देना है, तेरे को कौनसी साडी बुननी है?"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात आग पेटायची. साडी विणणाऱ्याला ते कधी म्हणाले नसते, अरे विणायचंच तर आहे. डाय करणाऱ्याला म्हणाले नसते, अरे रंगच तर लावायचाय. यंत्र दिसलं, घाम दिसला की काम; माणूस गप्प बसून छताकडे बघतोय म्हणजे मोकळा. मी छताकडे बघत असलो की मला चहा सांगायला पाठवत. एकदा पाठवलं, दोनदा पाठवलं, तिसऱ्यांदा मी उठलोच नाही, तर म्हणाले, "आजकल इसका दिमाग गरम रहता है."

शेठचा मुलगा मुंबईला कसला तरी कोर्स करून आला आणि त्याने एका सकाळी आम्हा सगळ्यांना, मुनीम, पॅकिंगवाले, मी, गादीवर मांडी घालून बसवलं. डोळे मिटा. लांब श्वास घ्या. मनात म्हणा, मी शांत आहे. मी म्हणत होतो, मी शांत आहे, आणि माझ्या मांडीला चिकटून ठेवलेल्या तेरा साड्या नावाची वाट बघत होत्या. पाचव्या श्वासाला शेठने पलीकडून हाक मारली, "वो हरेवाली का क्या हुआ?" मी डोळे मिटूनच नाव सांगितलं. ते पास झालं.

पण हा झाला पोटापाण्याचा भाग. खरी माझी मान मोडली ती घरी.

आमच्याकडे लग्नात मंगलाष्टका लागतात, आणि त्या नुसत्या भटजींच्या चालत नाहीत. खास त्या लग्नासाठी रचलेल्या लागतात, ज्यांत नवरा-नवरीचं नाव येतं, आई-वडील येतात, मामा येतो, काका येतो, कुलदेवी येते, गाव येतं. गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटतात. चाळीत एक लेखक राहतो म्हटल्यावर आणखी काय हवं? पांडेसरा, बमरोली, पार सचिन गावच्या कंपन्यांतून लोक आपापल्या मुलीच्या लग्नासाठी यायला लागले.

"भो, मनी आंडेरनं लगीन शे. आठ कडवा लिखी दे. तुले काय, दोन मिनिटनं काम."

दोन मिनिटं! आठ कडवी, एकेका ओळीत एकोणीस अक्षरं, कुठलं लघु, कुठलं गुरू हे ठरलेलं, आणि त्यात मुलीच्या काकाचं पाच अक्षरी नाव कोंबायचं. बँडवाल्याला सुपारी द्यायची हे सगळ्यांना ठाऊक. स्वयंपाक्याला, मांडववाल्याला आधी विचारायचं हेही ठाऊक. लिहिणाऱ्याला मात्र लग्नाच्या तीन दिवस आधी दारात उभं राहून नावांची यादी द्यायची, आणि वर सांगायचं, "मामानं नाव पहिले ल्ये, नही ते तो रुसी जाई."

आणि मामा रुसायचेच. एका लग्नात काकाचं नाव तिसऱ्या कडव्यात आणि मामाचं चौथ्यात आलं म्हणून मामा मांडवाबाहेर जाऊन कुणाच्या तरी लुनावर बसले. अक्षता टाकायला यायला तयार नाहीत. वरातीतले चार मोठे लोक मला धरून त्यांच्याकडे घेऊन गेले आणि मला त्यांची माफी मागायला लावली. मी वृत्ताचं काहीतरी सांगायला लागलो. मामा म्हणाले, "वृत्त नवरीना मामा शे का?" मी माफी मागितली.

पहिल्या वर्षी मी प्रत्येक लग्नासाठी नवी मंगलाष्टकं लिहिली. खरंच लिहिली. मुलीची माहिती काढायचो, तिला काय येतं, ती कुणाची लाडकी. ते सगळं त्या एकोणीस अक्षरांत बसवताना जीव मेटाकुटीला यायचा. आणि मांडवात काय व्हायचं? माइक करकरायचा, बायका दागिने बघायच्या, पुरुष जेवणाच्या पंगतीकडे डोळा ठेवून असायचे, पोरं एकमेकांना अक्षता फेकून मारायची. प्रत्येक जण आपलं नाव कधी येतं तेवढंच ऐकायचा. नाव आलं की शेजारच्याला कोपर मारायचा, आणि मग पुन्हा गप्पा. गुलाबी कागद जेवताना हात पुसायला उपयोगी पडत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, माझ्या ज्या ओळीसाठी मी चार दिवस पोट जाळलं तिच्यावर एका गृहस्थांनी जिलबीचा पाक पुसला.

म्हणून मग मी हुशारी केली. मी एक साचा तयार केला. आठ कडवी, गणपती, कुलदेवी, माहेर, सासर, मामा-काका, सगळं जागच्या जागी, आणि नावांच्या ठिकाणी रिकामी जागा. एक साचा तीन अक्षरी नावाच्या मुलीसाठी, एक चार अक्षरी नावासाठी. कुणी आलं की यादी घ्यायची, नावं भरायची, संपलं. खरोखरच दोन मिनिटांचं काम. त्यात माहेरच्या कडव्याची पहिली ओळ अशी होती: 'माहेरी हसली, जिथे बहरली, ती वेल जाते दुरी.' वेल! आमच्या चाळीत गटारीकडेला उगवलेल्या एरंडाशिवाय हिरवं काही नव्हतं. पण ओळ वृत्तात चपखल बसायची आणि एखादी आजी तिथे डोळ्याला पदर लावायची. आणखी काय पाहिजे?

दोन वर्षं मी त्या साच्यावर काढली. मान सुटली. गुलाबी बाटली आणणं बंद झालं. एकाच आठवड्यात, एकाच मैदानात, जवळजवळ त्याच पाहुण्यांसमोर तीन मुलींची वेल तीनदा दुरी गेली आणि एका माणसाच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं होतं मला हायसं वाटेल. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. कुणी ऐकतच नाही! या लोकांसाठी मी जीव काढत होतो! त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं की लिहिलेलं कुणी ऐकत नसतं, वाचत नसतं, आणि हे एकदा मान्य केलं की माणसाला झोप लागते.

माझ्या बहिणीबद्दल आता सांगायला हवं. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. महापालिकेच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि मग चाळीतल्या इतर मुलींसारखी घरी बसून साड्यांचे धागे कापायला लागली. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे. उलट्या बाजूला भरतकामाचे लांब धागे लोंबत असायचे, ते छोट्या कात्रीने कापायचे. कापलेले धागे तिच्या केसांत अडकायचे. ज्या रंगाची साडी, त्या रंगाची वेणी. सोमवारी ती गुलाबी असायची तर बुधवारी मोरपंखी. मी शेठसाठी नाव शोधायला अडलो की तिच्या वेणीकडे बघायचो.

तिचं अक्षर फार सुंदर होतं. माझं अक्षर छापखान्यातल्या गुजराती माणसाला लागत नसे, म्हणून सगळी मंगलाष्टकं ती सुवाच्य उतरवून द्यायची. साच्याची पहिली प्रतही तिनेच केली होती. रिकाम्या जागी तिने पट्टी लावून बारीक टिंबं काढली होती, तीन अक्षरांना पुरतील एवढी. मग प्रत्येक लग्नाला ती साच्यावरून नवी प्रत काढायची. मला वाटायचं ती धागे कापते तसंच हे करते. हात चालतो, मन दुसरीकडे.

तिचं लग्न ठरलं कामरेजच्या मुलाशी. छोट्या कारखान्यात फिटर होता, साधा, हसरा. घरात कुणाला काय घ्यायचं याची चर्चा चालू असताना मी तिला म्हणालो, तुला माझ्याकडून काय हवं ते सांग, शेठच्या दुकानातली हवी ती साडी आणतो. ती कात्री खाली न ठेवता म्हणाली, "माले साडी नको. मनासाठे नवं लिखजो, भाऊ."

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

लग्नाला दोन महिने होते. मी तिच्यासाठी एक वेगळा कागद खिशात ठेवायला लागलो. ओळी येत नव्हत्या, शब्द येत होते. तिच्या वेणीतल्या धाग्यांना काय म्हणावं, सकाळी दारात बसून ती कात्री चालवायची तेव्हा पडणाऱ्या उन्हाला काय म्हणावं. हळदुली. दहिवर. रानजाई. माय गावाकडे ओव्या म्हणायची त्यातले काही शब्द मी पुन्हा तिला विचारून घेतले. घरी गेलो की बहीण विचारायची, "लिखं का?" मी म्हणायचो, "लिखी राहिनू." आणि खरंच लिहीत होतो, तोपर्यंत.

मग लग्नसराईचा माल आला. लग्नाच्या बारा दिवस आधी मी शेठकडे रजा मागितली. ते म्हणाले, घे ना, पण हे पंचवीस नग उरकून जा, लेबलं आज संध्याकाळी छापायला जायची आहेत. सकाळपासून सहा झाली होती. डोकं कोरडं पडलं होतं, पोट पेटलं होतं, आणि ते हिशेबाच्या वहीतून मान न काढता म्हणत होते, "आगे. आगे." मी खिशातला कागद काढला. हळदुली, मी म्हणालो. "अच्छा है. आगे." दहिवर. "आगे." रानजाई. सगळा कागद मी त्या गादीवर रिकामा केला. पंचवीस पूर्ण झाले. शेठ खूश होऊन म्हणाले, "देखा? टेन्शन लेने से कुछ नहीं होता."

चौथ्या दिवशी मार्केटच्या जिन्यात डब्यांच्या थप्प्या लागलेल्या होत्या आणि प्रत्येकावर माझ्या बहिणीचे शब्द चिकटवलेले. हमाल ओरडत होते, दहिवर इधर, रानजाई ऊपर. ते शब्द आता मंगलाष्टकात घालणं मला शक्य नव्हतं. मी रजा घेऊन घरी बसलो. समोर कोरा कागद, मागे लूमचा धडधडाट, दारात पाहुणे, आणि मी शेठला, डॉक्टरला, त्या लुनावर बसलेल्या मामाला, सगळ्या मार्केटला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. शिव्या फार छान सुचत होत्या. कडवं एक सुचलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी साचा काढला. तीन अक्षरांचा. बहिणीचं नाव तीन अक्षरी. नावं भरायला दोन मिनिटं लागली. प्रत मात्र या वेळी तिला करायला देता येणार नव्हती, म्हणून मी स्वतःच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात उतरवली. छापायला दिलीच नाही. माइकवर मीच म्हणीन असं सांगितलं. मनाशी म्हणालो, मांडवात कोण ऐकतं? आणि ती तर नवरी. नवरीला त्या वेळी काही कळत नसतं.

मांडव चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत होता. सकाळी तिची वेणी घालताना मी दारातून पाहिलं, केस धुतलेले, मोगऱ्याचा गजरा, एकही धागा नव्हता. आंतरपाट धरला. मी माइक घेतला. गणपतीचं कडवं झालं, अक्षता पडल्या. कुलदेवीचं झालं, अक्षता पडल्या. माइक करकरत होता, बायका दागिने बघत होत्या, मामा आपल्या नावाची वाट बघत होते. सगळं नेहमीसारखं.

तिसरं कडवं सुरू करताना मी सहज तिच्याकडे पाहिलं. ती आंतरपाटाच्या अलीकडे हार धरून, मान खाली घालून उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. मी म्हणालो, माहेरी हसली, आणि तिचे ओठ 'जिथे बहरली' म्हणून मोकळे झाले होते. मी तिथे पोचलो तेव्हा ती वेलीपाशी होती. ती माझ्या पुढे चालत होती, एक शब्द पुढे, कुठेही न चुकता. दोन वर्षांत तिने तो साचा किती वेळा उतरवला असेल? तिला तो पूर्ण पाठ होता. रिकाम्या जागेपाशी मी आलो, तिचं नाव घ्यायचं होतं. तिथे तिचे ओठ थांबले आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी नाव घेतलं. लोकांनी अक्षता टाकल्या. उरलेली पाच कडवी मी म्हटली, कशी ते विचारू नका. नंतर चार जणांनी पाठीवर थाप मारली, फार छान लिहिलं, बहिणीसाठी लिहिलं ना, म्हणून मनापासून उतरलंय. एका मावशीने डोळे पुसले. त्या क्षणी मला कुणाची तरी गचांडी धरायची होती आणि धरण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. इतकी वर्षं मी ओरडत होतो की लिहिलेलं कुणी ऐकत नाही. एक माणूस ऐकत होतं. माझ्याच घरात, धागे कापत, प्रत्येक लग्नाची प्रत काढताना ओळ न ओळ ऐकत होतं, आणि त्याच माणसाला मी हात चालतो मन दुसरीकडे असं धरून चाललो होतो.

पाठवणीला जीप उभी होती. माय हंबरडा फोडत होती, वडील लूमच्या आवाजाने अर्धे बहिरे झालेले, नेहमीपेक्षा मोठ्याने ड्रायव्हरला रस्ता सांगत होते. बहीण सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापाशी आली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शेठ, लग्नसराई, रजा, पोट. तिने मला पुढे बोलू दिलं नाही. रागावली नव्हती, तेच वाईट. लहानपणी गणित सोडवून दाखवायला यायची तशा आवाजात म्हणाली, "मनं नाव बराबर बसनं ना, भाऊ?"

"बसनं," मी म्हणालो.

ती जीपमध्ये बसली आणि जीप कामरेजच्या रस्त्याला लागली.